रंग बंद करणारा चौकोन

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा धाकटा भाऊ दूरच्या शहरातून धावत आला, पंधरवडाभर राहिला आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याने लॅपटॉपवर, दोघांच्या फोनवरही दिसेल अशी, एक शीट बनवून दिली. औषधं, व्यायाम, कूस बदलणं, सगळं ओळीने. प्रत्येक ओळीपुढे चेकबॉक्स. खूण केली की ओळ हिरवी, वेळ टळली की लाल.

"म्हणजे ताई, तिकडे बसूनसुद्धा मला एका नजरेत कळेल."

ताई शाळेत चित्रकला शिकवायची. स्क्रीनकडे बघत ती म्हणाली, "हा हिरवा कुठल्या झाडाचा रे?" तो हसला. त्याला वाटलं, तिला आवडला.

सकाळी बाबांजवळ कामाला ठेवलेल्या मावशी थांबायच्या. दुपारी ताई शाळेतून यायची, पर्स खुंटीला लावेपर्यंत मावशी चपला घालून तयार. मग बाबांना बसतं करा, भरवा, तोंड पुसा. हात कायम ओले, फोन दुसऱ्याच खोलीत. खूण करायची राहून जायची आणि फोन वाजायचा.

"ताई, दुपारची ओळ लाल दिसतेय."

"दिली रे गोळी."

"मग टिक कर ना! इथे माझा जीव टांगणीला लागतो."

पुढे पुढे तिने शहाणपणा केला. आधी खूण, मग काम. फोन थांबले.

एका दुपारी तिने रक्तदाबाच्या गोळीपुढे खूण केली आणि पाणी आणायला गेली. परत येते तर बाबांनी अंथरूण ओलं केलेलं. त्यांना कुशीवर वळवून चादर काढली, नवी घातली, कपडे बदलले. कंबर धरून उभी राहिली तेव्हा गोळी दिली की नाही, हेच तिला आठवेना. शीट उघडली. ओळ हिरवीगार. मग तिचं लक्ष उशाशी ठेवलेल्या वाटीकडे गेलं. गोळी वाटीतच होती.

तिने गोळी दिली, बाबांचा हात हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसून राहिली. रडूही आलं नाही. तेवढी ताकद कुठे होती!

बाबांचा डोळा लागल्यावर तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे कधी कुठला रंग ते ठरवायच्या जागी, भावाचे नियम होते. शाळेत निकालपत्रकं करून तिला थोडंफार जमायचं. तिने वर कोपऱ्यात एक नवा चेकबॉक्स टाकला आणि प्रत्येक नियमात अट घातली: या चौकोनात खूण असेल तरच रंग. आधी त्या चौकोनाचा पत्ता पक्का करणारं डॉलरचं चिन्ह द्यायचं विसरली, तर खूण करूनही पहिलाच सेल काय तो रंगला आणि बाकी सगळे कोरे. ते दुरुस्त केलं. मग कोपऱ्यातली खूण काढली. शीट पांढरी झाली.

तासाभरात फोन.

"ताई, शीट बिघडलीय का गं?"

"नाही. मी रंग बंद केलेत."

"का?"

तिने वाटीतल्या गोळीचं सांगितलं. आवाज न चढवता, न सजवता.

"मी तुझ्यावर पाळत ठेवत नव्हतो," तो म्हणाला. "मला तिथलं तेवढंच दिसतं."

"माहितेय. पण मी तुला हिरवं दाखवायच्या नादाला लागले. खुणा करीन मी, काम झाल्यावर. तू बाबांना फोन कर."

"ते बोलत नाहीत ना, ताई."

"नाही बोलत. तू बोल. ऐकू येतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकून बाबांच्या उशीवर ठेवला. भाऊ साहेबाच्या कटकटीबद्दल बोलला, बंद पडलेल्या गिझरबद्दल बोलला, प्लंबर तिसऱ्यांदा थाप मारून गेला तेही सांगितलं. बाबा छताकडे बघत होते. प्लंबरच्या वेळी त्यांच्या घशातून "हं" असा आवाज आला, आणि पलीकडे भाऊ बोलता बोलता थांबला.

"ताई, हे बाबा होते?"

बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर पाय वर घेऊन, ताई झोपून गेली होती.

"बाबा," तो म्हणाला, "तर तो प्लंबर..."

पुढे तो रोज नाही, पण जमेल तसा फोन करत राहिला. रंगांचं त्याने पुन्हा विचारलं नाही. ताईचं काम काही कमी झालं नाही. तो फोनवर असला की दुपारी तिचा थोडा डोळा लागायचा, एवढंच.