पायाखालचं सोनं

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून मोकळा होतो. पोस्टात सॉर्टिंगला वीस वर्षं काढली. चुकीच्या पत्त्यांवर डोळा ठेवता ठेवता माणसांवरही तसाच डोळा ठेवायची सवय लागली. दूधवाल्याने माप भरून वर थोडं जास्त दिलं तरी मी आधी पाणी शोधतो. शेवंती, माझी बायको, म्हणते की मी देवालाही हार घालताना फुलं मोजतो.

शौक एकच, लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. मुलुंडच्या आमच्या तळमजल्याच्या खोलीमागे पत्र्याची पडवी आहे. तिथे टेबलावर चार बोल्टनी आवळलेलं हे छोटं मशीन. कुर्ल्याच्या भंगारात मिळालं तेव्हा गंजाने पार धरलेलं होतं. त्यावर वाफेचं एक लहानसं इंजिन बनवायचं, खरोखर चालणारं, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण मशीनला माणसात आणलं ते भीमराजने.

भीमराज माझा रात्रशाळेपासूनचा मित्र. लालबागला आम्ही एका बाकावर बसायचो, दोघांचे बाप एकाच गिरणीत. पुढे तो ट्रॉम्बेला वर्कशॉपात टर्नर झाला आणि मी पोस्टात चिकटलो. मी त्याला भीमा म्हणायचो, तो मला लव्या; सावंत म्हणायचे ते पोस्टातले. विक्रोळीहून दर रविवारी यायचा. त्याने जुनं बेअरिंग काढून नवीन बसवलं, झिजलेला चक, म्हणजे रॉड धरणारा जबडा, बदलला, बेडवरचा गंज दगडाने घासून घासून काढला. मे महिन्यातल्या एका रविवारी फूटभर रॉड कातून त्याने मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. दोन्ही टोकं सारखी. एका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचाही फरक नाही.

"लव्या, तुझ्या मशीनच्या पायाखाली सोनं ठेवलंय," तो म्हणाला. "दसऱ्याला लुटून टाकू नको."

मी हसलो. मला वाटलं, स्वतःच्या कामाचं कौतुक करून घेतोय. त्याच दिवशी पडवीच्या दाराची एक किल्ली त्याला देऊन टाकली. शनिवारी त्याला सुट्टी असायची आणि मला ड्युटी. म्हटलं, वाटेल तेव्हा ये.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, दसऱ्याला मी मशीनची पूजा थाटात केली. आदल्या दिवशी बोल्ट काढून मशीन कलतं केलं, शेवंतीने खालचा सगळा कीस आणि तेलाचा राडा पुसून काढला, मी पुन्हा बोल्ट आवळले. सकाळी हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. भीमराज पांढरा शर्ट घालून आला होता. दसरा त्याच्या घरीही मोठा, पण कारण वेगळं. त्याला विहारात कार्यक्रमाला जायचं होतं. तो दारात उभा राहिला, पेढा खाल्ला, मला पोटाशी धरलं आणि गेला. कुंकू लावून घेतलं नाही. कधीच घेत नसे, आणि तोवर मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मंगळवारी इंजिनाचा दांडा कातायला घेतला. मोजला तर एक टोक दुसऱ्यापेक्षा चार थाऊ जाड. हत्याराला धार लावून पुन्हा कातला. पुन्हा तेच.

झालं, माझं डोकं सुरू झालं. किल्ली कोणाकडे? भीमराजकडे. मशीनमधलं कळतं कोणाला? भीमराजला. पावसाळ्यात तो एकदा म्हणाला होता, विकायचं झालं तर आधी मला सांग. तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं, आता त्यातला डाव दिसायला लागला. मशीन बिघडवायचं, मी कंटाळायचं, मग त्याने न्यायचं. इतका सरळ हिशेब मला आधी कसा सुचला नाही, याचाच मला राग आला.

मी दाराला काळा दोरा बांधला. हँडलवर खडूने रेघ मारली. बुधवारी दोरा तुटला. मी शेवंतीला विजयाने सांगितलं, तर ती म्हणाली की दोरा तिनेच तोडला, कपडे वाळत घालायला पडवीत जाताना पायात आला. वर सुनावलं, "सगळ्यांवर संशय घेवची तुमका सवयच लागली हा. एक दिवस उपाशी मराल त्या संशयापायी." मी दोरा पुन्हा बांधला नाही, रेघ तेवढी ठेवली. शनिवारी घरी आलो तर रेघ पुसलेली. शेवंतीला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

रविवारी भीमराज आला. मी त्याला मशीनपाशी जाऊच दिलं नाही. म्हटलं, रॉड तिरका कातला जातोय. तो म्हणाला, बघू दे जरा. मी म्हटलं, काही बघू नको, तू बघूनच हे झालंय. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, आणि तो हसला. त्या हसण्याने माझा तोल गेला.

"दसऱ्यापासून बिघडलंय हे. तुम्हा लोकांना आमची पूजा खुपते, कळतं मला. किल्ली ठेवा आणि निघा."

इतक्या वर्षांत आमच्यात 'तुम्ही' कधी आलं नव्हतं. भीमराजने खिशातून किल्ली काढून चकवर ठेवली, आवाज न करता, आणि चपला घातल्या. शेवंती तीन कप चहा घेऊन आली. एक तसाच निवला.

पुढचा रविवार आला नि गेला. मी इंजिनाला हात लावला नाही. राग होता, आणि रागाखाली भीती होती, पण भीतीकडे मी बघत नव्हतो.

दिवाळीच्या तोंडावर शेवंतीने देव घासायला काढले. देव्हाऱ्यातली आपट्याची वाळलेली पानं तिने ताटलीत काढली, आणि त्यात काहीतरी चमकलं. पितळेची पातळ पट्टी, आपट्याच्या पानाएवढीच, काठ कानशीने गुळगुळीत केलेले. मी विचारलं, हे काय?

"सोना," ती म्हणाली. "मशीन पुसताना खाली गावला. पिवळा दिसला, दुसऱ्या दिवशी दसरो, म्हणान देवाकडे ठेवलंय."

टेबल किंचित वाकडं होतं, म्हणून भीमराजने मशीनच्या पायाखाली ती पट्टी घातली होती; ती निघाली आणि रॉड तिरका कातला जाऊ लागला. त्याने मला सांगितलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातून कळसा माझ्याच देव्हाऱ्यात, आणि बोंब मित्राच्या नावाने. मला माझी लाज वाटली, खरी लाज, जेवण न जाण्याइतकी.

पाय चार, पट्टी एक. कुठल्या पायाखाली, ते मला माहीत नव्हतं. चारही पाय एकेक करून बघता आले असते, कोणाला कळलंही नसतं. मी पट्टी नि किल्ली खिशात घातली आणि विक्रोळी गाठली.

दार भीमराजनेच उघडलं.

"या सावंत," तो म्हणाला. "बसा."

मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का. कोणी नव्हतं.

मी पट्टी त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, दोऱ्याचं, रेघेचं, काही लपवलं नाही. त्याने पट्टी उजेडाकडे धरून बघितली.

"टेलस्टॉकच्या बाजूचा, उजवीकडचा मागचा पाय," तो म्हणाला. "तिथे ठेवा. बोल्ट आधी हलके आवळा, रॉड कातून बघा, मग पुरते आवळा."

"भीमा, चुकलं माझं. शिव्या घाल, दोन ठेवून दे, पण असं बोलू नको." मी किल्ली पुढे केली.

त्याने किल्ली घेतली नाही. रागावलाही नाही. आत वळून बायकोला दोन कप टाकायला सांगितले आणि मला विचारलं, "चहा घेणार ना तुम्ही?"

मी घेतला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सांगितल्या पायाखाली घातली. बोल्ट हलके आवळले, फूटभर रॉड कातला. दोन्ही टोकं सारखी, एका थाऊचाही फरक नाही. दाखवायला म्हणून मायक्रोमीटर पुढे करून मी वळलो, आणि पडवीत कोणी नव्हतं.