तीन गावांचं एकच रक्त

सुलोचनाबाईंच्या निगेटिव्ह वहीत अकरा नावं होती. ही अकरा माणसं एकमेकांची सोयरी नव्हती, एका जातीची नव्हती, एका गावचीही नव्हती. देवळीपलीकडच्या आरोग्य केंद्राखाली तीन गावं येत, त्यांत यांचं रक्त तेवढं निगेटिव्ह निघालं होतं. असं रक्त वेळेवर मिळत नाही, हे सुलोचनाबाई नर्सच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक बाळंतीण गमावून शिकल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी एक पद्धत पाडली. वहीतली कुणी गरोदर राहिली की तिला जुळणारा वहीतलाच माणूस त्या गाठत आणि बजावत, हिला नववा लागला की गाव सोडायचं नाही. लग्न असो, मयत असो, बाजार असो. लोक ऐकत. सरकारने ही पद्धत काढली असती तर तिला आधी नाव दिलं असतं, मग बोर्ड लावला असता आणि उद्घाटन झाल्यावर ती बंद पडली असती.

शकुबाईची सून छाया या वहीत होती. बी निगेटिव्ह. तिच्या पहिल्या बाळंतपणाला वहीतलाच, तिच्याच रक्ताचा अण्णाजी नावाचा पन्नाशीचा शेतकरी महिनाभर गावात बसून राहिला होता. रक्त लागलंच नाही. “फुकटचा बैल खुट्याले बांधून ठेवला तुमी, बाई,” म्हणत तो हसत घरी गेला. शकुबाईला मात्र निगेटिव्ह हा शब्दच खुपायचा. निगेटिव्ह म्हणजे काहीतरी कमी, म्हणजे सुनेत खोट. चारचौघांत ती त्याचं नाव काढू देत नसे.

दोन हजार सातच्या जानेवारीत योजना आली. ज्या केंद्रात मार्चअखेरपर्यंत एकूणएक माणसाची नोंद कॉम्प्युटरवर चढेल आणि एकही कागदी रजिस्टर उरणार नाही, तिथल्या डॉक्टराला बक्षिसाची रक्कम आणि मागेल तिथे बदली. रकमेचं डॉक्टर योगेंद्रांना फारसं काही वाटलं नाही. ‘मागेल तिथे बदली’ वाचून मात्र त्यांची झोप उडाली. बायको नागपुरात शिक्षिका होती आणि महिन्यातून दोनदाच दिसणाऱ्या बापाने जवळ घेतलं की मुलगी परक्यासारखी रडायची. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सुलोचनाबाईंना नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

“बाई, तुमचंही करून देतो,” ते म्हणाले. “माझी बदली झाली की तुमच्या अर्जावर शिफारस. आर्वी.”

आर्वीला सुलोचनाबाईंचे यजमान महादेवराव होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. शेजारीण भरवायची. बाई शनिवारी एसटीने जायच्या, त्यांची नखं कापायच्या, अंग पुसायच्या आणि सोमवारी पहाटे निघायच्या. निघताना महादेवराव तोंड भिंतीकडे करायचे. आर्वी हा शब्द ऐकला आणि बाईंनी त्याच दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं.

टायपिंग करणारा माणूस यायचा होता, तो कधी आलाच नाही. मग बाई एका बोटाने शिकल्या. मतदारयादीतून नावं आयती आली, बाकीचे रकाने भरायचे होते. अर्धा दिवस लोडशेडिंग. त्यात रक्तगटाचा रकाना रिकामा ठेवला की यंत्र पुढे सरकतच नसे. गावातल्या शंभरातल्या नव्वदांचं रक्त कुणी कधी तपासलंच नव्हतं, तर भरायचं काय? बटण दाबलं की यादीत सगळ्यात वर ए पॉझिटिव्ह यायचं.

“पहिलं येतं तेच राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “एप्रिलमध्ये सावकाश बघू.”

तेच राहू दिलं. ज्या गावांत एका विहिरीवर पाणी भरायला पिढ्या गेल्या, त्या गावांचं रक्त मार्चअखेरच्या घाईत एक झालं. घरामागून घर, म्हातारं, तान्हं, सगळे ए पॉझिटिव्ह. छायाचंही नाव त्याच लोंढ्यात बाईंच्या बोटाखालून गेलं. चार दिवसांनी त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्या डॉक्टरांकडे धावल्या.

“माझ्या वहीतले अकरा जण तरी बरोबर करू द्या, साहेब.”

“बाई, नियम वाचा. एकदा भरलेलं बदललं की ती चूक मोजतात. अकरा बदल म्हणजे अकरा चुका. आपण शंभर टक्क्यांतून जाऊ. एप्रिलमध्ये जिल्ह्याला अर्ज करू ना.”

तपासणीला अधिकारी येणार म्हणून कपाट रिकामं करायचं ठरलं. तीस वर्षांची रजिस्टरं रद्दीवाल्याने तराजूत घातली. निगेटिव्ह वही वरच होती. पिशवीत टाकायला एक क्षण पुरला असता. पण ‘या केंद्रात किंवा कर्मचाऱ्याकडे कागदी नोंद शिल्लक नाही’ या कागदावर त्यांनी सकाळीच सही केली होती, आणि नेमकी वही सापडली तर आर्वी गेली, असं मनात आलं. त्यांनी हात पुढे केला नाही. अकरा नावं तर तोंडपाठच आहेत, अशी मनाची समजूत घातली.

केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं. डॉक्टर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरला गेले, बाई दुसऱ्या आठवड्यात आर्वीला. जाताना नव्या नर्सला, सपनाला, किल्ल्या दिल्या, औषधांचा साठा मोजून दिला. नावांचं सांगायचं राहिलं. अर्ज लिहायचा राहिला. राहिला कसला, लिहिला नाही. महादेवराव पाहुणा येणार असल्यासारखे दाराकडे डोळे लावून बसले होते आणि बाईंना त्या दिवशी जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

पुढचं बाईंना नंतर कळलं, तुकड्या-तुकड्याने.

छायाला पुन्हा दिवस गेले. ती केंद्रात गेली आणि सपनाला म्हणाली, “सिस्टर, माह्यं निगेटिव्ह हाय. अण्णाजीले सांगा लागते.”

सपनाने कॉम्प्युटर उघडला. “नाही गं. ए पॉझिटिव्ह आहे तुझं. जुन्या काळी हातानं तपासायचे, झाली असेल चूक.” रकाना भरलेला होता म्हणून तिने पुन्हा तपासलं नाही. उलट एक छापील कागद काढून शिक्का मारून दिला.

तो कागद शकुबाईने देवापुढे ठेवला. इतकी वर्षं जी खोट पदराखाली झाकली, ती सरकारी शिक्क्याने पुसली गेली होती. तिने देवळीहून अर्धा किलो पेढे आणले आणि गल्लीत वाटले. अण्णाजीलाही दिला. तुळशीचं लग्न आटोपलं होतं, अण्णाजीच्या भाचीचं लग्न दूर चांद्याला होतं, आणि छायाला नववा लागला म्हणून तो घुटमळत होता. शकुबाईच त्याला म्हणाली, “जा ना बाप्पा तू बिनघोर. आता तुले काऊन अडकवून ठेवू?”

तो गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी छाया बाळंत झाली, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. जीपमधून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत ए पॉझिटिव्ह रक्ताची चार पोरं नेली, कागद पाहून निवडलेली. तिथे रक्त तपासलं तर बी निगेटिव्ह. त्या दिवशी साठ्यात ते नव्हतं, त्याऐवजी चालणारं दुसरंही नव्हतं. निरोप मिळताच अण्णाजी चांद्याहून निघाला आणि दिवेलागणीला बाही वर करतच दवाखान्यात शिरला. छायाला जाऊन तास झाला होता.

चौकशी झाली. नोंदीत एकही रकाना रिकामा नव्हता, त्यामुळे कुणाचाच दोष निघाला नाही.

सुलोचनाबाई तेरवीनंतर आर्वीहून शकुबाईच्या गावी गेल्या. एसटीत बसल्यापासून एकच गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली होती. जाऊन सांगायचं. नोकरी जावो, पेन्शन जावो.

शकुबाई ओसरीत बसली होती, मांडीवर बावीस दिवसांची नात. बाईंना पाहून तिचा बांध फुटला.

“मीच खाल्ली सून, बाई. मीच अण्णाजीले म्हटलं, जा म्हून. पेढे वाटले ना मी! माह्या हातानं वाटले.”

“शकुबाई, ऐका माझं. तो रक्तगट मी भरला. माझ्या हातानं. मला माहीत होतं तो खोटा आहे ते.”

शकुबाई रडायची थांबली. मग तिने नात एका हातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने बाईंचा गुडघा धरला.

“मले बरं वाटावं म्हून सोतावर घेऊन राह्यल्या तुमी. असं नका करू, माय. तुमी असत्या तं हे झालंच नसतं, अख्ख्या गावाले ठावं हाय.”

“नाही हो, खरंच...”

“बसा. तुमाले घोटभर चहा ठेवतो. धरा हिले.”

तिने पोर बाईंच्या ओटीत ठेवली आणि डोळे पुसत चुलीकडे गेली. पोर झोपेत ओठ हलवत होती. आतून शकुबाईचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मीच म्हटलं जा म्हून, मीच म्हटलं. चहा आला. सुलोचनाबाईंनी कप हातात घेतला. पेन्शनला अजून चौदा महिने होते, महादेवराव वाट बघत असतील, आणि चारची एसटी चुकली असती. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.