शारदादीदीचा ददा

विज्ञान प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्या टेबलापाशी होती, आणि हे मी बढाई म्हणून नाही सांगून राहिले! पाच बरण्या, पाच जिवंत पाणकिडे, पाच चिठ्ठ्यांवर त्यांची नावं. पाठीवर पडून वल्हवणारा डोंगावाला. गरगर फिरणारी चकरी. नावं सगळी शारदादीदीनं सांगितलेली. ती पुरानी बस्तीजवळच्या तलावात शिंगाडे काढते. वेल उचलला की हे किडे हातावर चढतात, त्यामुळे तिला सगळ्यांची ओळख. प्रदर्शनाला तिला मीच हट्टानं बोलावलं होतं.

फक्त एक नाव मी बदललं होतं. बदामाएवढा तपकिरी किडा, पाठीवर अंडी दाटीवाटीनं चिकटलेली. दीदी म्हणाली होती, "ए हर ददा ए, नोनी." नोनी म्हणजे पोरी, ती मला लाडानं तेच म्हणते. ददा म्हणजे बाप. मी मनात हसले. बाप कशाला अंडी वाहील? कधी शाळेत न गेलेली बाई, चुकली असेल. मी चिठ्ठीवर लिहिलं, दाई. म्हणजे आई.

परीक्षक श्यामकांत सर नेमके त्याच बरणीवर वाकले.

"दाई? अवं पोरी, यांच्यात मादी नराच्या पाठीवर अंडी घालते न् निघून जाते. पिल्लं निघेपर्यंत बापच सांभाळतो. हे नाव कोणी सांगितलं तुले?"

यंदा पहिल्यांदाच माइकवर न अडखळता बोलायला शिकलेली मी. पटकन बोलून गेले, "या दीदीनं, सर."

दीदी माझ्या मागेच उभी होती, ठेवणीतली साडी नेसून. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हव सर," ती म्हणाली. "मोर गलती हे." माझी चूक तिनं आपली म्हणून टाकली.

सर पुढच्या टेबलाकडे गेले. चिठ्ठीची गोष्ट ठाऊक असलेल्या माझ्या मैत्रिणीनं, स्वरदानं, मला कोपरानं ढोसलं, "बच गई तू!"

माझे कान इतके तापले होते, की तिचं हसूही सहन होईना. मी कच्ची वही घेऊन सरांमागे धावले. पान उघडून दाखवलं. माझ्याच अक्षरात ददा, त्यावर काट, शेजारी दाई.

सरांनी वाचलं. "मले काय दाखवतेस? तिले सांग."

दीदी दाराशी चप्पल घालत होती. मी तिथूनच ओरडले, "दीदी, ददाच आहे! तूच बरोबर होतीस! मी बदललं!" सगळा हॉल वळून पाहायला लागला.

"मोला मालूम हे," दीदी म्हणाली. मला माहीत आहे, एवढंच.

एरवी तिचं एक वाक्य 'नोनी'शिवाय संपत नाही.