रेव्हशोल्मची पाटी

खिडकीच्या कट्ट्यावर कॉफीचे कप भिंतीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ओळीने ठेवले, तर बारा मावत. इंगेलिसेने हे मोजलं होतं, कारण बैठका लांबत असत.

रेव्हशोल्मच्या 'स्लॉट'ला इंग्रजीत कॅसल म्हणायचं की पॅलेस, हे ठरवायचं काम भाषांतरकार म्हणून तिचं. डॅनिशमध्ये किल्ला असो की महाल, 'स्लॉट' म्हटलं की भागतं. इंग्रजीत निवड करावी लागते. निवड होईना म्हणून पाटी रखडलेली आणि पाटी नाही म्हणून पर्यटकांच्या गाड्या समोरून सरळ निघून जात. आज मात्र पाट्या रंगवणारा पाले येऊन बसला होता. संध्याकाळच्या बोटीने तो बॉर्नहोल्मला जाणार, तो परतेपर्यंत उन्हाळा संपलेला असणार.

"पॅलेस," व्यवस्थापक आसगर म्हणाला. "कॅसल वाचून लग्नाची मंडळी येतील का? किल्ल्याच्या तळघरात कोण लग्न करतं?"

"आणि पॅलेस वाचून आलेल्यांना काय दाखवशील? तुझं गळकं नाचघर?" इतिहास मंडळाची बोदिल दालचिनीचा रोल तोडत म्हणाली.

"छताचं काम चालू आहे!"

"माझ्या लग्नापासून चालू आहे."

एकमत झाल्याशिवाय इथे काही ठरत नसे. नाहीच झालं, तर पुढच्या बैठकीला केक कोणी आणायचा, तेवढं ठरे. इंगेलिसेला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत. खालचा मजला लढाईसाठी बांधलेला, वरचा नाचण्यासाठी. आणि चुकीचा शब्द गेला, तर हसं तिचंच होणार.

"तुमचं चालू द्या, मी पाटीसाठी भोकं पाडून घेतो," म्हणत आसगरने ड्रिल उचललं. भिंत नुसती कण्हली. ड्रिलचं टोक मोडलं. दुसरं बसवलं, तेही मोडलं. आसगर धुळीने पांढराफटक.

"ही भिंत फोडायला आलेल्या स्वीडिश सैन्याचंही असंच झालं असेल रे," बोदिल म्हणाली.

"मी काही लिहू, की घरी जाऊ?" पालेने विचारलं.

तिसरं टोक मोडलं तसा आसगर ओरडला, "ही मेली भिंत कोणाला आत येऊच देत नाही!"

इंगेलिसेने कप खाली ठेवला. वरचा मजला कोणाच्या तरी हौसेने चढला होता. सगळं उभं होतं ते या भिंतीवर. तिने बोदिलकडे पाहिलं नाही, आसगरकडेही नाही.

"कॅसल," ती म्हणाली. "लिही, पाले."