ऑल्टवरचं बोट

ऑल्ट धरायचं. शून्य दोन एक सहा. सोडायचं. क्र.

कृष्णकांतच्या बोटांना हे सत्तावीस वर्षं पाठ होतं. महाल भागातल्या छापखान्यात तो मराठी टाइप करायचा. जुन्या फॉन्टमध्ये जी जोडाक्षरं कळांवर नसत, ती अशी ऑल्टची कळ धरून आकड्यांनी आणावी लागत. क्र, हृ, त्त, द्द. शंभरेक आकडे. डोक्यात नव्हतेच ते, हातांत होते.

दोन हातांत.

मार्चमध्ये लकवा मारला आणि डावा हात मांडीवर पडून राहू लागला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. जीभही जडावली. बायकोला, चारुशीलाला, त्याचं बोलणं कळे. परक्याला नाही.

छापखान्याचे मालक रुपराव घरी येऊन गेले. "गुरुवारी या गा कृष्णकांतभाऊ. एक पान टाइप करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमचीच."

एक पान. खुर्ची.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो सरावाला बसला, पण एकट्या उजव्या हाताला ऑल्ट आणि आकडे दोन्ही साधेनात. अंगठा ऑल्टवर ठेवला की बोटं आकड्यांपर्यंत पोचत नसत. चारुशीलानं ऑल्टवर खलबत्त्यातला बत्ता ठेवून पाहिला, तो घरंगळला. मग तीच शेजारी बसली.

"धर."

शून्य, दोन, एक

"काहून सोडलं वं? सहा राहिला न."

"तुमचा सहा येईपर्यंत माझी भाजी करपते."

ती बोट उचलायची तेव्हाच अक्षर उमटायचं. आधी उचललं तर नुसता चौकोन. चार दिवस त्यानं तिला घालूनपाडून बोलून घेतलं. एवढंसं बोट सांभाळता येत नाही, म्हणाला. बुधवारी दुपारी अख्खं पान झालं, एकही चौकोन नाही. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

ऑल्ट धरायचं. शून्य दोन एक सहा. सोडायचं. Ø.

गुरुवार. रुपरावांनी तिलाही शेजारी बसू दिलं होतं. काटोलच्या एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी, पहिलाच शब्द क्रमांक.

"लवकर सोडलंस," तो पुटपुटला.

"नाही सोडलं."

Ø.

"बोट हलते तुझं."

"नाही हलत हो."

Ø. तिनं इतकं दाबलं होतं की नख पांढरं पडलं.

नवी ऑपरेटर भूमिका शेजारच्या टेबलावरून उठून आली. "काका, तो फॉन्ट काढून टाकला न आम्ही. जूनमध्येच सगळं युनिकोड केलं. तुमचे आकडे इथं वेगळंच काहीतरी काढतात."

म्हणजे आत्ता तिचं बोट हललंच नव्हतं, तिचं बोट

पुढचं त्यानं मनातसुद्धा म्हटलं नाही.

रुपराव वरमले. "सांगायचंच राहून गेलं भाऊ. पण आता टाइप कोण करते गा? बोलायचं, ते लिहिते." त्यांनी माइक त्याच्या तोंडाशी सरकवला. "बोला. क्रमांक एक."

कृष्णकांत बोलला. पडद्यावर ओळ आली:

ऐकू आलं नाही. पुन्हा बोला.

लाळ पुसून, ओठ ताणून, पुन्हा बोलला.

ऐकू आलं नाही. पुन्हा

चारुशीलाला राहवेना. डॉक्टरकडे, फोनवर, दारात आलेल्या माणसाला ती त्याचं बोलणं जसं सांगायची, तसंच तिनं माइकला सांगितलं, "क्रमांक एक. चंपतराव ठाकरे, मुक्काम काटोल." ओळ उमटली. दुसरी उमटली. सातव्या ओळीपर्यंत एक चूक नाही.

"वहिनीचा आवाज किती साफ आहे न," भूमिका म्हणाली.

रुपरावांनी माइक तिच्याकडे सरकवला. मग मऊ आवाजात, कृष्णकांतकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्हीच येता का सोमवारपासून?"

ती नाही म्हणेल, म्हणून कृष्णकांत थांबला.

"किती वाजता यावं लागते?" चारुशीलानं विचारलं.