वरच्या मजल्याच्या सळया

ताडकळसमध्ये माणसाची ऐपत दारात नाही, गच्चीवर बघतात. घर कितीही झकपक असू द्या, गच्चीवर कॉलममधून सळया वर निघालेल्या नसतील तर येणारा-जाणारा मान वर करून म्हणतो, 'संपलं वाटतं यांचं.' सळया असल्या की घर अजून वाढायचं आहे, घरात अजून कोणीतरी यायचं आहे. व्यंकटरावांच्या गच्चीवर अशा अठ्ठेचाळीस सळया होत्या. बारा कॉलम, दर कॉलमला चार, कमरेइतक्या उंच. अकरा वर्षांपूर्वी नागनाथ मिस्त्रीनं स्लॅब टाकला तेव्हा व्यंकटरावांनी त्याला एकच गोष्ट बजावली होती: वरचा मजला गोपाळचा, त्याच्यासाठी सळया सोड.

गोपाळ म्हणजे थोरला मुलगा. तेव्हा तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. मग तिथंच नोकरीला लागला, मग तिथलीच मुलगी बघून लग्न केलं, आणि दर दिवाळीला 'दोन वर्षांत परत येतो' असं सांगून जात राहिला. ती दोन वर्षं काही संपेनात. मनकर्णाबाईंनी, म्हणजे गोपाळच्या आईनं, तोवर सळयांना दोऱ्या बांधून साड्या वाळत घातल्या, आणि टोकं कोणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या. व्यंकटराव मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर जात आणि सळयांच्या मधोमध उभं राहून चहा पीत. गोपाळचा हॉल कुठं, बेडरूम कुठं, हे त्यांचं ठरलेलं होतं. सळया उभ्या आहेत तोवर पोरगं येणार, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अशात धाकटी राजनंदिनी संभाजीनगरहून आर्किटेक्ट होऊन घरी आली. दोन बॅगा, एक लॅपटॉप, आणि इथंच कामं करायची असा निश्चय घेऊन आली. गावाला आर्किटेक्ट म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं. नागनाथ मिस्त्री म्हणाला, "नकाशा तर मी काठीनं मातीत काढतो, त्याला पाच वर्षं कशाला लागत्यात?" सहा महिने झाले तरी पोरीकडं एक काम येईना. तेव्हा व्यंकटरावांनीच तोड काढली, की आधी आपल्याच घराचं रूप पालट, ते बघून गाव दारात येईल.

तिनं लॅपटॉपवर चित्र काढलं. पश्चिमेच्या भिंतीवर दोन हात सावली देणारा छज्जा, गच्चीला झरोक्याच्या विटांचा कठडा, वर ऊन परतवणारा पांढरा रंग. व्यंकटरावांनी परभणीहून त्याची रंगीत प्रत काढून आणली आणि बाजाराच्या दिवशी ती खिशात घालून निघाले. चहाच्या हॉटेलात दाखवली, खताच्या दुकानात दाखवली, एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसालाही दाखवली. तिघांनी शब्दच दिला, 'होऊ द्या तुमचं, बघून आमचं बी काम पोरीलाच देतो.' छाती फुगवून घरी आले, चष्मा लावला, चित्र नीट बघितलं आणि खाटेवर बसले.

"बाई, ह्याच्यात सळया न्हाईत की."

"कापायच्यात, अण्णा," राजनंदिनी म्हणाली. "पार गंजल्यात. गंज खाली उतरला की कॉलम फुटतो. अन् कठड्याच्या मधी येत्यात."

"जराशा वाकवल्या तर?"

"कुटं वाकवता? अठ्ठेचाळीस हायत."

आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सळया कापाव्यात तर गोपाळचा मजला गेला. न कापाव्यात तर पोरीचं पहिलंवहिलं काम बापानंच मोडलं, तेही सगळ्या बाजाराला चित्र दाखवून. व्यंकटरावांनी मग मराठवाड्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. नाही म्हणाले नाहीत, आणि होऊही दिलं नाही.

सोमवारी नागनाथ कटर घेऊन आला तर व्यंकटराव म्हणाले, अमावस्या आहे. अमावस्या होऊन नऊ दिवस झाले होते. मनकर्णाबाईंनी कॅलेंडर पुढं केलं तर म्हणाले, "आपल्यात मागची बी पाळत्यात." मंगळवारी त्यांनी स्वतःच फ्यूज काढून खिशात ठेवला आणि लाइन गेली म्हणून कपाळाला हात लावला. समोरची पिठाची गिरणी त्या वेळी धडधडत होती. बुधवारी तर त्यांनी कमालच केली. सळयांच्या बेचक्यात पाखरानं घरटं केलंय, आता ते उठवणं पाप आहे, असं सांगितलं. राजनंदिनी वर जाऊन बघून आली.

"अण्णा, घरट्याला सुतळी हाय. अन् सुतळीला गाठ हाय."

"सुगरण असंल," व्यंकटराव तिच्याकडं न बघता म्हणाले.

"सुगरण कुटली, तुझा बाप हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "परवा गादीचा काथ्या उसवत बसले होते. अवो, एकदाचं गोपाळला इचारा अन् मोकळं व्हा."

ही गोष्ट व्यंकटरावांना एकदम पटली. गोपाळ म्हणेल, माझ्या सळयांना हात लावू नका. मग वाईटपणा गोपाळकडं जाईल, पोर भावावर चार दिवस रुसेल, आणि सळया राहतील. त्यांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला आणि मुलाला सगळं सांगितलं.

"कापा की," गोपाळ म्हणाला.

"आरं, तुझ्या मजल्याच्या हायत त्या."

"हो अण्णा. तेच सांगायचं होतं, राहून जात होतं. आम्ही इकडं फ्लॅट घेतलाय. अकराव्या मजल्यावर."

व्यंकटरावांनी विचारलं, "वर सळया सोडल्यात का?"

"अण्णा, वर बारावा मजला आहे."

"त्याच्या वर?"

"अहो, बावीस मजले आहेत."

"अन् बाविसाव्याच्या वर काय हाय?"

"वर पाण्याची टाकी आहे."

"मंजी तुमचं संपलं," असं म्हणून व्यंकटरावांनी फोन ठेवला.

त्यांना फार वाईट वाटलं. पोरगं पुण्यात राहतं याचं नव्हे, ते तर अकरा वर्षं राहतच होतं. 'कापा की' म्हणताना त्याला श्वासभरही थांबावंसं वाटलं नाही, हे मनाला लागलं. दोन दिवस ते गच्चीवर फिरकले नाहीत. चहा खालीच प्यायले आणि तो गोड झालाय, फिका झालाय, गार झालाय म्हणून मनकर्णाबाईंचं डोकं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजनंदिनी आणि नागनाथ वर माप घेत होते. व्यंकटराव धोतराचा सोगा सावरत जिना चढून आले. चेहऱ्यावर तेज होतं.

"कटर बाजूला ठेव, नागनाथ," ते म्हणाले. "सळया कापायच्या न्हाईत. मजला चढवायचा. राजनंदिनीचा मजला. खाली आमी म्हातारा-म्हातारी, वर हिचं हापिस. पोरगं गेलं ते गेलं. वापस आली ती हीच. इतके दिवस मला कसं सुचलं न्हाई, देव जाणे."

बोलता बोलता स्वतःच्या मोठ्या मनानं त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. आता पोरगी पाया पडेल, निदान पदर नाही तर ओढणी तरी डोळ्याला लावेल, म्हणून ते थांबले. राजनंदिनीनं नागनाथकडं बघितलं. नागनाथ लांब कुठल्यातरी सोयाबीनच्या वावराकडं बघू लागला.

"काय झालं?"

"अण्णा," राजनंदिनी हळूच म्हणाली, "ह्या कॉलमवर मजला न्हाई राहायचा. नऊ इंची कॉलम हाय, आत बारीक सळई हाय. अन् पाया काळ्या मातीतच थांबलाय. खाली मुरूम लागंपर्यंत गेलाच न्हाई. परसात मी खोदून बघितलं."

"तो खड्डा लिंबाचं झाड लावायला होता की."

"तुमाला तसं सांगितलं होतं."

व्यंकटराव नागनाथकडं वळले. "नागनाथ, मी तुला सांगितलं होतं का न्हाई, वर मजला हाय म्हणून?"

"सांगितलं होतं की, मालक," नागनाथ म्हणाला. "सळया सोड म्हणले, सोडल्या. मजला पेलला पाहिजे असं तुमी म्हणलेच न्हाईत."

"ते म्हणायला लागतं का?"

"आता खरं सांगतो, रागावू नका. तीस वर्षांत म्या शंभरेक घरांवर सळया सोडल्या असतील. मजला चढला तीन घरांवर. लोकाला सळई पाहिजे असती, मालक. मजला कुणाला पाहिजे? मंग उगं जमिनीत लोखंड कशाला गाडू?"

व्यंकटरावांचा हात पायातल्या चपलेकडं गेला होता, तो तिथंच राहिला. कारण मिस्त्री खोटं बोलत नव्हता. पाया किती खोल घेतलास, हे त्यांनी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बघितलं होतं ते सगळं वरवरचं. ज्या मजल्यात त्यांनी गोपाळचा हॉल, गोपाळची बेडरूम, नातवाची खोली मांडून ठेवली होती, तो मजला गोपाळ धावत आला असता तरी होणार नव्हता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि आपण रोज सकाळी त्यात मीठ बघत होतो, असं त्यांना झालं. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

"तुला कधी कळलं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"घरी आले त्याच आठवड्यात."

"मंग सांगितलं कामून न्हाईस? मला गंजाच्या गोष्टी सांगत बसलीस."

"गंज बी खराच हाय. पण तुमी रोज इथं येऊन चहा पिता, अण्णा. दादा येत न्हाई एवढं दुःख बास होतं. आला असता तरी जागा नव्हती, हे अजून कशाला सांगू?"

सहा महिने ही पोर स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून कामं शोधत होती, आणि बापाची समजूत मोडू नये म्हणून गप्प राहत होती. व्यंकटरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी विचारलं, "मंग तुला पाहिजे काय?"

हे तिला घरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. उत्तर तयार होतं. "खालची रस्त्याकडची खोली."

"ती गोपाळची हाय," व्यंकटरावांच्या तोंडून निघून गेलं.

ती खोली वर्षातून पाच दिवस उघडायची. तिच्यात गोपाळची गादी प्लास्टिकसकट होती, नवा कूलर होता, आणि बाकीचे दिवस बाहेरून कुलूप होतं. राजनंदिनी रुसली नाही, वाद घातला नाही. खाली वाकून टेप उचलला आणि पुढच्या कॉलमचं माप घ्यायला लागली. ती भांडली असती तर व्यंकटरावांना सोपं गेलं असतं. भांडणात बापाला कोणी हरवू शकत नाही.

ते उठले आणि जिना उतरून खाली गेले. देवळीतून किल्ली घेतली, खोलीचं कुलूप काढलं आणि एकटेच ती गादी ओढायला लागले. गादी दारात अडकली. मनकर्णाबाई चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी गादीचं दुसरं टोक धरलं. वर कटर सुरू झाला. तो आवाज दुपारपर्यंत चालू होता, आणि व्यंकटराव दुपारपर्यंत काही ना काही सामान हलवत राहिले.

दिवाळीच्या आत घर झालं. गावानं मान वर करून जे म्हणायचं ते म्हटलं. पण छज्ज्याखालच्या खोलीत भर दुपारी कूलरशिवाय बसता येतं हे कळल्यावर लोक आत येऊन बसू लागले, आणि बसले की विषय निघू लागला. बाजारात शब्द दिलेल्या तिघांपैकी दोघांनी काम दिलं. त्या दोन्ही घरांचे पाये नागनाथनं खणले, बरोबर मुरूम लागेपर्यंत. राजनंदिनी खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसायची, आणि तो आतून म्हणायचा, "बाई, अजून खोल गेलो तर विहीर लागंल."

दिवाळीला गोपाळ आला. बायको-मुलाला घेऊन, बॅगा घेऊन, नेहमीसारखा सरळ आपल्या खोलीकडं गेला आणि दारात थबकला. आत लांब टेबल होतं, भिंतीला नकाशे लावलेले होते, दारावर बहिणीच्या नावाची पाटी होती, आणि एक शेतकरी जोडपं खुर्च्यांवर बसून आपल्या घराचं चित्र बघत होतं. राजनंदिनीनं त्याला हात हलवून दाखवला आणि परत त्यांना समजावून सांगू लागली.

गोपाळ ओसरीवर आला. "अण्णा, मग मी कुठं झोपू?"

"पाहुण्याची सोय हालमधी केलीया," व्यंकटराव म्हणाले.

गोपाळ हसला. मग त्यानं वडिलांकडं बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी हे थट्टेनं म्हटलं नव्हतं आणि रागानंही म्हटलं नव्हतं. जे खरं होतं ते तोंडातून आलं होतं. ते उठले, मुलाच्या हातातली बॅग घेतली आणि त्याच्यापुढं चालत आत गेले.