ढावल्यातला कॅसिओ

माझ्या कॅसेटींच्या कव्हरवर गीत, संगीत आणि निर्माता या तिन्ही शब्दांपुढे एकच नाव असायचं, देविदास राठोड. फोटोही माझाच, गॉगल लावलेला. बायको आणि पोरगी सेनगावजवळच्या तांड्यावर, मी हिंगोलीतल्या भाड्याच्या खोलीत. त्या खोलीलाच मी कंपनी म्हणत असे.

पंच्याण्णव साली मी ढावल्याची कॅसेट काढायचं ठरवलं. आमच्या बंजारा समाजात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते, तो ढावला. जी ती आपल्या मनाचं रडते. कुणी आईची माया सांगते, कुणी जाता जाता बापाला चार शब्द सुनावते. मी थोरल्या बहिणीला, मोतीबाईला गळ घातली. ती तयारच होईना.

"रडनं काय रेकॉर्ड करायची गोष्ट हाय का?"

शेवटी शब्द मीच लिहिले, चाल बसवली, दोन कडव्यांच्या मधे कॅसिओचा तुकडा टाकला आणि कशीबशी तिला गायला बसवली. पहिलं कडवं बापाचं, दुसरं भावाचं. भावाच्या कडव्यात तिनं आमच्या थोरल्या भावाचं, थावरादादाचं नाव घातलं. तेवढंच काय ते तिचं.

कॅसेट धो धो चालली. सेनगावच्या जीपा म्हणू नका, औंढ्याच्या यात्रेतली दुकानं म्हणू नका, जिथं जावं तिथं मोतीबाई रडत होती आणि मी हवेत होतो.

दोन वर्षांनी कनेरगाव नाक्याजवळच्या एका तांड्यावर लग्नाला गेलो. नवरी भावाच्या गळ्यात पडली आणि "थावरादादा, थावरादादा" करून रडू लागली. भावाचं नाव रतनसिंग. तो बिचारा इकडंतिकडं बघायला लागला. पोरीनं कॅसेट पाठ केली होती, नावासकट. खोटं कशाला सांगू, मला भारी वाटलं. घरी आल्यावर मोतीबाईला ऐटीत सांगितलं. ती तूर पाखडत होती.

"पोरींचं रडनं बी आता तूच करून राहिला," ती म्हणाली. "तुह्या पोरीला तरी तिचं रडू दे."

मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना. माझी संगिता तीच कॅसेट ऐकत मोठी झाली. २००७ साली तिचं लग्न ठरलं तशी मला धास्ती बसली. लग्नात बाकी काही कमीजास्त होवो, पण पोरगी माझ्या गळ्यात पडून मीच लिहिलेलं मला ऐकवणार, हे मला नको होतं. तिला सांगणार तरी कसं? तुझं तू रड, हे काय बापानं शिकवायचं असतं?

निघायच्या वेळी संगिता माझ्या गळ्यात पडली आणि तिनं पहिलं कडवं सुरू केलं. माझंच, शब्दन् शब्द. मला रडू येईना, नुसता राग आला, तोही स्वतःचाच. कडवं संपलं तशी ती थांबली. मी ओळखलं. पोरगी कॅसिओच्या तुकड्याला जागा सोडत होती. मी मनातल्या मनात मात्रा मोजल्या. तुकडा संपला तरी ती गप्पच. मग तिला हुंदका आला आणि आमच्या गोरमाटी बोलीत, कुठल्याच चालीत न बसणारं, ती म्हणाली,

"बापू, जीपमधी तुहं गाणं रोज तांड्यावर येत होतं. तू येत नव्हता."

मी तिला घट्ट धरलं आणि लेकरासारखा रडलो. मोतीबाई शेजारीच होती.

"आता रडली माही पोर," ती म्हणाली आणि संगिताला तिच्या आईकडं घेऊन गेली.

त्यानंतर मी आणखी चार सीड्या काढल्या. ती ओळ एकीतही घातली नाही. ती माझ्यासाठी होती.